चोवीस तासांचा रस्ता

ले मान्सला जाऊन शर्यत पाहिली असं सांगणाऱ्याने फार तर तिचा एक तुकडा पाहिलेला असतो. एका फेरीची लांबी १३.६२६ किलोमीटर. एखाद्या वळणावरच्या गवताळ उतारावर जागा धरली, की समोरून गाडी दोन-तीन सेकंदांत निघून जाते आणि साडेतीन मिनिटांनी पुन्हा उगवते. मधल्या वेळात ती पाइनच्या राईतून, दोन गावांच्या वेशीवरून, अंधारातून कुठून कुठे जाऊन येते ते आपल्याला दिसत नाही. उरलेली शर्यत कानाने ऐकायची, मोठ्या पडद्यावर शोधायची, आणि सोबतच्यांकडून गोळा करायची. म्हणून इथे चौघं-पाचजण मिळून येतात.

आम्ही चौघं होतो. अण्णा माझा कॉलेजपासूनचा मित्र. होस्टेलवर पडलेलं हे नाव त्याला स्टुटगार्टमध्येही चिकटून राहिलंय. त्याची बायको, आमच्या वहिनी. कोल्हापूरचा डॉक्टर, जो दिवसभर लोकांची मोडलेली हाडं जोडतो आणि रात्री जुन्या शर्यतींची चित्रणं पाहतो. आणि मी. चाकणच्या एका कारखान्यात गाड्या टिकतात किती, हे तपासणं हे माझं काम. गाडी दिवसरात्र पळवायची, खड्ड्यांतून, घाटातून, पाण्यातून. आणि आधी काय तुटतं ते लिहून ठेवायचं. या कामात कोणी टाळ्या वाजवत नाही. पण जगातली सगळ्यात नावाजलेली मोटारशर्यत मुळात याच कामासाठी सुरू झाली, आणि म्हणून मला ती पाहायची होती.

२६ मे १९२३ च्या दुपारी इथे ३३ गाड्या सुटल्या. पश्चिम फ्रान्सच्या मोटार क्लबचे जॉर्ज दुरां, पत्रकार शार्ल फारू आणि त्यांचे सोबती यांना वेगवान गाडी शोधायची नव्हती. त्यासाठी ग्रां प्री होत्याच. लोक विकत घेतात ती गाडी रात्रभर दिवे लावून, थांबून-सुरू होऊन, न मोडता चालते का, एवढंच त्यांना बघायचं होतं. पहिल्याच दिवशी धो धो पाऊस लागला. लागाश आणि लेओनार या जोडीने शेनार-वॉकर गाडीत २,२०९ किलोमीटर काटले आणि ते पुढे राहिले. मला मात्र दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा वाटतो: ३३ पैकी ३० गाड्या शेवटपर्यंत चालत होत्या. त्या काळच्या टायरांचा, दिव्यांचा आणि रस्त्यांचा विचार केला तर हा आकडा थक्क करणारा आहे.

स्टुटगार्टहून आम्ही गाडीनेच निघालो. स्ट्रासबुर, मेत्झ, रँस, पॅरिसला वळसा, मग शार्त्रकडून नैर्ऋत्येला. पॅरिसच्या पुढे गव्हाची शेतं संपता संपत नाहीत. रेल्वेने पॅरिसहून ले मान्स तासाभराचं अंतर आहे, आणि एकट्या माणसाने तसंच जावं. पण तंबू, चटया, स्टोव्ह, छत्र्या आणि वहिनींनी केलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, रव्याचे लाडू हे सगळं रेल्वेत मावलं नसतं.

मला सगळ्यात जास्त ओढ होती ती रस्त्याची. या वर्तुळाचा बराच भाग बंदिस्त ट्रॅक नाहीच. ले मान्सहून टूरकडे जाणारा डी-३३८ हा सरकारी रस्ता एरवी सगळ्यांचा आहे. शर्यतीच्या आठवड्यात ठरल्या वेळी तो बंद होतो आणि बाकीच्या वेळी पुन्हा उघडतो. शुक्रवारी सकाळी तो उघडा होता. तेर्त्र रूजच्या वळणावरून आम्ही त्याला लागलो. समोर सामानाचा ट्रक, मागे पोस्टाची पिवळी गाडी. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे, कठड्यांमागे झाडं, झाडांत घरांची फाटकं. डांबरावर मात्र काळे पट्टे उमटलेले, आदल्या रात्रीच्या सरावाचे. हाच तो उनोदिएरचा सरळ पट्टा, सुमारे सहा किलोमीटरचा. १९८८ साली इथे रोजे दोर्शीने डब्ल्यूएम-पूजो ताशी ४०५ किलोमीटरने नेली. एवढा वेग कोणाच्याच हातात राहत नाही, हे ओळखून १९९० मध्ये पट्ट्यात दोन शिकेन, म्हणजे मुद्दाम घातलेली वळणं, आली. त्याआधी या पट्ट्यालगतच्या हॉटेलांत बसून लोक जेवताजेवता शर्यत बघत. आज या बाजूला प्रेक्षकांना मज्जाव आहे, आणि तो हवाच.

“हळू घे रे,” डॉक्टर अण्णाला म्हणाला. अण्णा कायद्याने ठरलेल्या वेगाच्याही खाली होता. डॉक्टरला तो रस्ता संपायला नको होता.

पट्ट्याच्या टोकाला म्यूल्सानचं काटकोनी वळण. तिथे येताना ताशी तीनशेच्या वर असलेली गाडी शंभराच्या आसपास आणावी लागते, दिवसाउजेडी, रात्री, पावसात, प्रत्येक फेरीला. १९५३ मध्ये जॅग्वारची सी-टाइप याच जागी इतरांपेक्षा उशिरा ब्रेक दाबू शकत होती, कारण तिच्या चाकांना ड्रमऐवजी डिस्क ब्रेक होते. रोल्ट आणि हॅमिल्टन यांनी ती शर्यत जिंकली. आज चाकणहून निघणाऱ्या साध्या मोटारसायकलीलाही डिस्क ब्रेक असतो. मी वहिनींना हे सांगत होतो तेव्हा त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि खाली उतरून ते वळण नीट पाहिलं. “म्हणजे माझ्या स्कूटरचा ब्रेक इथला आहे,” त्या म्हणाल्या. वंशावळ थोडी लांबची, पण खोटी नाही.

तंबूंची वस्ती पाहून डॉक्टर खूश झाला. तीन लाखांच्या वर माणसं या शर्यतीला येतात आणि त्यांतली बरीचशी तंबूत राहतात. इंग्रज फार, जुन्या उघड्या टपाच्या गाड्या घेऊन समुद्र ओलांडून आलेले. डेन्मार्कचे लाल झेंडे जागोजागी, कारण नऊ वेळा जिंकलेला टॉम क्रिस्टेन्सन त्यांचा. आमच्या शेजारी एक पिकल्या मिशांचे इंग्रज गृहस्थ आणि त्यांची मुलगी होती. त्यांनी आमच्या दशम्या खाल्ल्या, आम्हाला काळा चहा पाजला, आणि आमचे रेडिओ तपासून ९१.२ वर लावून दिले. तिथे इंग्रजीत चोवीस तास वर्णन चालतं. “एका जागी बसू नका. शर्यत फिरते, तुम्हीही फिरा,” एवढाच त्यांचा सल्ला. कानात रेडिओ आणि पायांत भक्कम बूट, याशिवाय तिथे काही लागत नाही.

शनिवारी दुपारी चारला सुरुवात. मैदानात ६२ गाड्या: २३ हायपरकार, १६ एलएमपी-२ आणि २३ जीटी-३. तीन वेगवेगळ्या वेगांच्या गाड्या एकाच रस्त्यावर, त्यामुळे ओव्हरटेकिंग कधी थांबतच नाही. पूर्वी इथे चालक रस्त्यापलीकडून धावत येऊन गाडीत उडी मारत. सीटचा पट्टा लावायला वेळ जाई, म्हणून बरेचजण पहिली फेरी पट्टा न लावताच काढत. १९६९ साली जॅकी इक्स धावला नाही. सगळे पळत असताना तो चालत आपल्या फोर्डकडे गेला, पट्टा नीट लावला आणि सगळ्यांच्या मागून निघाला. त्याच पहिल्या फेरीत पट्टा न लावलेला जॉन वूल्फ अपघातात गेला. दुसऱ्या दिवशी इक्स आणि ऑलिव्हर ती शर्यत शंभर-सव्वाशे मीटरच्या फरकाने जिंकले. धावत सुटायची पद्धत त्यानंतर बंद झाली. एका माणसाच्या चालण्याने एवढा बदल झाल्याचं खेळाच्या इतिहासात मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

आमच्या वर्षी झिनेदिन झिदानने तिरंगी फ्रेंच झेंडा हलवला आणि डनलॉपच्या पुलाखालून तो कळप आमच्याकडे चढून आला. आवाज आधी छातीला लागतो, मग कानाला. त्यातही प्रत्येकीचा वेगळा. कॅडिलॅकचं साडेपाच लिटरचं व्ही-८ इंजिन टर्बोविना चालतं; त्याचा घुमारा जमिनीतून तळपायाला कळतो. फेरारीचं तीन लिटरचं टर्बो व्ही-६ त्यामानाने आवळलेलं, तीक्ष्ण. तासाभरात डॉक्टर डोळे मिटून गाडी ओळखू लागला. त्याला स्टेथोस्कोपची सवय आहे, त्यामुळे आम्हाला नवल वाटलं नाही. या सगळ्या गाड्यांत जळत होतं ते इंधन द्राक्षाच्या चोथ्यापासून आणि वाइनच्या गाळापासून केलेलं. २०२२ पासून इथे तेच वापरतात.

दोनेक तासांत पहिली सर आली. पूर्वेकडे कोरडं आणि पश्चिमेकडे ओलं, असं एवढ्या मोठ्या वर्तुळात सहज घडतं. काहीजण पावसाळी टायर घालायला पिट्समध्ये शिरले, काहीजण गुळगुळीत टायरांवरच तग धरून राहिले. पाऊस लवकर ओसरला आणि राहिलेल्यांचं साधलं. असा निर्णय चालक एकटा घेत नाही. आकाशाकडे बघणारा, रडारकडे बघणारा, आणि सत्तर-ऐंशी मिनिटांनंतरचा हिशेब मांडणारा, अशी माणसं त्यामागे असतात. आमचा तांडाही तसाच चालला होता. अण्णा फोनवर वेळा बघे, डॉक्टर कान लावी, मी टायरांवर नजर ठेवी, आणि रेडिओवरचं नेमकं तेवढं उचलून सांगायचं काम वहिनींकडे आलं. आठवड्यापूर्वी त्यांना हायपरकार आणि जीटी यांतला फरक सांगावा लागला होता. संध्याकाळी त्या ओरडल्या, “पिवळी फेरारी आणि बीएमडब्ल्यू लागल्या एकमेकींना, सरळ पट्ट्यावर!” आणि आजूबाजूचे दहा लोक त्यांच्याकडे वळून बघू लागले. बीएमडब्ल्यू कठड्यावर आदळली होती. चालक वाचला. कठडा दुरुस्त करायला बराच वेळ गेला.

जूनमध्ये इथे अंधार पडतो तोच दहानंतर. तोवर आम्ही तेर्त्र रूजला होतो. तिथून मध्यरात्री बसने आर्नाजला गेलो. आर्नाजचं वळण अख्ख्या वर्तुळात सगळ्यात हळू, त्यामुळे गाडी इथे खरोखर बघता येते. लाल झालेल्या ब्रेकच्या चकत्या, पुढच्या काचेवरचा चिखल, खिळखिळ्या होऊन पट्टीने बांधलेल्या कडा. सुरुवातीला चकचकीत असलेल्या गाड्या दहा तासांत कामावर जुंपलेल्या दिसू लागतात, आणि मला त्या तेव्हाच सुंदर वाटल्या. डॉक्टर म्हणाला, “आमच्याकडे गोंधळाला रात्र अशीच चढते. बाराच्या आधी आलेले पाहुणे, बारानंतर बसलेले घरचे.” आर्नाजच्या बांधावर उरले होते ते खरोखर घरचे होते. कोणी मुलाला कडेवर घेऊन, कोणी मचाणासारखी शिडी उभी करून तिच्यावर बसलेलं.

मग पाऊस परत आला आणि राहिला. चारच्या सुमाराला सेफ्टी कार बाहेर पडल्या. वर्तुळ एवढं लांब, की इथे त्या तीन ठेवाव्या लागतात. गाड्या त्यांच्यामागे रांगेने, संथ, पाण्याचे फवारे उडवत फिरत राहिल्या. एक तास. दोन तास. चार तासांहून जास्त.

आसपास कुरबुर सुरू झाली. पावसात शर्यत लावता येत नसेल तर हे चालक कसले, असं कोणीतरी मोठ्याने म्हणालं. मला हे मुळीच पटलं नाही, आणि अजून पटत नाही. आदल्याच दिवशी आम्ही पिट्ससमोरच्या त्या जागेवर उभे राहिलो होतो, जिथे १९५५ च्या मृतांची आठवण जपलेली आहे. ११ जून १९५५ च्या संध्याकाळी हॉथॉर्नची जॅग्वार पिट्सकडे वळताना मंदावली, मागची मॅक्लिनची ऑस्टिन-हीली तिला चुकवायला बाजूला झाली, आणि तिच्यावर पिएर लवेघची मर्सिडीज चढून प्रेक्षकांत फेकली गेली. लवेघ आणि ऐंशीहून जास्त प्रेक्षक मेले. पिट्स आणि रस्ता यांच्यामध्ये तेव्हा भिंतदेखील नव्हती, आणि १९२३ साली आखलेल्या रस्त्यावरून दुप्पट-तिप्पट वेगाच्या गाड्या पळत होत्या. शर्यत थांबवली नाही. सगळे एकदम निघाले तर रुग्णवाहिकांचे रस्ते अडतील, असं त्याचं कारण दिलं गेलं. मध्यरात्रीनंतर मर्सिडीजने आपल्या गाड्या काढून घेतल्या आणि त्या वर्षानंतर कित्येक वर्षं तो कारखाना शर्यतींपासून लांब राहिला. स्वित्झर्लंडने आपल्या देशात ट्रॅकवरच्या शर्यतींवर बंदी घातली.

मेलेले लोक आमच्यासारखेच तिकीट काढून आलेले होते. त्यांनी वळणावर जागा धरली होती, डबा आणला होता, गाड्या ओळखल्या होत्या. आज कठडे, जाळ्या, मागे सरकवलेले बांध, तीन सेफ्टी कार आणि पावसात चार तास थांबायची तयारी हे सगळं त्यांच्यामुळे आलं आहे. त्या चार तासांना कंटाळवाणं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि ते रिकामेही नव्हते. संथ गाडीचे टायर आणि ब्रेक थंड पडतात, पाणी नको तिथे शिरतं, विजेच्या जोडण्या ओल्या होतात. माझ्या कामात सगळ्यात जास्त बिघाड असेच, गाडीला विश्रांती मिळाली असं वाटतं तेव्हा सापडतात. पिट्समध्ये इंधन भरणं, काच पुसणं, चालक बदलणं चालूच होतं. वळणावळणावरचे मार्शल झेंडा हातात घेऊन त्या पावसात उभे होते. त्यांतले कितीतरी पगारी नव्हेत, हौसेने आलेले. आर्नाजला आमच्यासमोरच्या चौकीतल्या एका बाईंनी रात्रभरात कितीदा हातमोजे पिळले असतील! वहिनींनी त्यांच्याकडे लाडवांचा डबा पुढे केला, पण मधल्या जाळीतून तो जाईना. त्यांनी हात जोडून दाखवले आणि पुन्हा रस्त्याकडे वळल्या.

आठच्या सुमाराला हिरवा झेंडा पडला. तोवर आम्ही परत मुख्य भागात आलो होतो, मिळेल ते खात होतो. तळलेल्या बटाट्यांबरोबर तिखट सॉसेज, आणि डॉक्टरसाठी क्रेप. एवढे तास झाल्यावर आता अंतरं पडली असतील असं कोणालाही वाटेल. पण नऊ गाड्या एकाच फेरीत होत्या आणि शेवटपर्यंत राहिल्या. पूर्वी चार-चार फेऱ्यांच्या फरकाने इथे निकाल लागत. आता चोवीस तास अखंड शंभर मीटरची शर्यत धावल्यासारखं चालक पळतात आणि यंत्र ते सोसतं. दुरां-फारू मंडळींनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळून फार वर्षं झाली, असं म्हणायला हवं. तरी ते पुन्हा पुन्हा विचारावं लागतं. २०१६ साली टोयोटाची ५ नंबरची गाडी विजयापासून काही मिनिटांवर असताना पिट्ससमोरच बंद पडली होती. हे अण्णा नुसतं सांगताना अजूनही हळहळतो. त्याचा पगार जर्मन, पण जीव टोयोटावर.

भारताचं नाव या यादीत उशिरा आलं. २०१२ मध्ये करुण चंढोक इथे शर्यत धावला, पहिला भारतीय, आणि त्याचा संघ एकूण सहावा आला. आमच्या वर्षी एलएमपी-२ गट जिंकणाऱ्या तिघांत बिजॉय गर्ग हा भारतीय आडनावाचा तरुण अमेरिकन होता. पडद्यावर त्याचं नाव आलं तेव्हा डॉक्टरने शिट्टी मारली. पुण्या-चाकणला जगाच्या गाड्या तयार होतात, त्यांचे भाग तयार होतात, चाचण्या होतात. इथे २४ तास गाडी चालवून पाहणारा एखादा संघ तिथून यावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. पैसा लागेल, पण माणसं आहेत.

शेवटचे दोन तास कोणी बसलं नाही. पुढे होती ५० नंबरची लाल फेरारी, फुओको, मोलिना आणि निल्सन यांची. आणि अचानक पडद्यावर दिसलं, तिचं उजवं दार धावताना उघडं फडफडतंय. आत येऊन दार लावा, असा हुकूम निघाला. निल्सन आत आला, दार लागलं, पण ठरलेलं गणित विसकटलं. पाऊस परत सुरू झालेला. मागे लोपेझची ७ नंबरची टोयोटा, जी २३ व्या जागेवरून सुटली होती. आता प्रश्न एवढाच होता, की फेरारीला त्या टप्प्यासाठी नेमून दिलेली ऊर्जा शेवटच्या फेरीपर्यंत पुरते का. रेडिओ वहिनींच्या कानाला, आणि आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत. “दोन टक्के,” त्या म्हणाल्या. “दोनच टक्के उरलेत.”

पुरले. ३११ फेऱ्या, सव्वाचार हजारांच्या जवळपास किलोमीटर, आणि पहिल्या-दुसऱ्यात फरक १४.२२१ सेकंदांचा.

झेंडा पडल्यावर थोड्या वेळाने फाटकं उघडतात आणि प्रेक्षक रस्त्यावर उतरतात. आम्हीही उतरलो. डांबराच्या कडेला टायरांच्या रबराच्या गोळ्या पसरल्या होत्या, बुटांना चिकटत होत्या. डॉक्टरने एक खिशात टाकली. अण्णा कपाळाला हात लावून पिट्सच्या भिंतीकडे बघत होता. ते दार आधी कळलं असतं तर, असं मी म्हणताच तो उसळला. दाराचं काय घेऊन बसलास, ८ नंबरच्या टोयोटाला ५१ नंबरच्या फेरारीने म्यूल्सानला ढकललं नसतं तर दोन टोयोटा पुढे असत्या. डॉक्टर म्हणाला, जर-तर करायचं तर पिवळी फेरारी बंद पडली त्याचाही हिशेब धर. वहिनी म्हणाल्या, रात्रीच्या चार तासांत कोणी किती इंधन वाचवलं ते आधी सांगा. हा वाद तंबू उपटताना चालू होता, शार्त्रला चालू होता, आणि अण्णा अजूनही अधूनमधून रात्री फोन करून त्यात भर घालतो.